लिंबाखालच्या आंघोळी

मुलीनं पुण्याहून पाकीट पाठवलं. आत फ्लॅटचं चकचकीत माहितीपत्रक आणि सह्या करायचे कागद. माहितीपत्रकाच्या मधल्या पानावर नकाशा, नकाशाच्या मधोमध हिरवा चौकोन आणि त्यावर लिहिलेलं 'उद्यान'. शेजारी फोटो. म्हातारा हसतोय, बाई हसतेय, पोरगं हसतंय, कुत्रंसुद्धा हसतंय. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चार ठिकाणं बघितली, पण हेच पसंत पडलं. बागेमुळं. बाग असली की आपोआप ओळखी होतात, माणसं जोडली जातात."

मी बरं म्हणून फोन ठेवला. पान टराटरा फाडावंसं वाटत होतं. फाडलं नाही, कारण कागद परत पाठवायचे होते. पण नकाशातला हिरवा चौकोन दिसला की माझं डोकं फिरतं. असाच एक चौकोन बघून आम्ही माजलगावात प्लॉट घेतला, आणि त्याच चौकोनापायी माझ्या बायकोनं जन्मात पहिल्यांदा मिळालेला शेजार गमावला. तिनं गमावला असं सगळे समजतात. तो घालवला कुणी, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी सहकारी साखर कारखान्यात कारकून होतो. माझं काम सभांचं. सहकार म्हणजे सभाच सभा. संचालक मंडळाची, उपसमितीची, वार्षिक सर्वसाधारण. प्रत्येक सभेचं प्रोसिडिंग माझ्या हातचं. लोकांना वाटतं की आधी सभा होते आणि मग तिचा वृत्तांत लिहितात. भाबडे लोक! मी प्रोसिडिंग आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. हजेरीवही शिपायाच्या सायकलवरून गावोगाव फिरायची, पार उमापूरपर्यंत. सभासद शेतात असला तर बांधावर सही, गावाला गेला असला तर भावाच्या हातची सही. वारलेल्या माणसांच्या सह्याही मी पाहिल्या आहेत, आणि त्या जिवंतपणीच्या सह्यांपेक्षा वळणदार होत्या. सभेच्या दिवशी मांडवात भाषणं व्हायची, बुंदी-चिवड्याच्या पुड्या वाटल्या जायच्या, आणि वहीत माझं ठरलेलं वाक्य वाट बघत पडलेलं असायचं. 'सभासदांच्या सोयीसाठी व संस्थेच्या हितासाठी सदर ठराव सर्वानुमते मंजूर.' हे वाक्य माझं. इतकं गुळगुळीत, की आसपासच्या चार संस्थांनी ते जसंच्या तसं उचललं. मला त्याचा अभिमान होता. हो, होता. खोटं कशाला बोलू.

बायको शिरूर कासारकडची. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, तीही त्यांच्याबरोबर. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड उचलायचं, सहा महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढायचे, की परत गाव. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. तिला शाळेचं फारसं दुःख नव्हतं. दुःख निराळंच होतं. "कुनाशी जरा गट्टी जमली की टोळी उठायची," ती सांगायची. "एका पोरीची येनी मी घालायचे, ती माजी घालायची. पुढच्या साली बगते तर तिची टोळी दुसऱ्याच कारखान्याला." शेजार म्हणजे काय चीज असते, हे तिला लग्न होईपर्यंत माहीतच नव्हतं. लग्नानंतरही आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिलो, आणि तिथंही माणसं हंगामापुरतीच.

मग आमच्या काही लोकांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली. माझ्या नावावर कारखान्याचं क्वार्टर होतं, म्हणून सभासद बायको झाली. चेअरमन कोण होणार याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडं चेअरमन निवडून येत नाहीत, ते जन्माला येतात. हा चेअरमन मोठ्या वाड्यातला, दूध संस्थेत हा, पतसंस्थेत हा, घरांच्या संस्थेतही हाच. आम्ही गेलो तेव्हा दोन प्लॉट उरले होते. एक मोठ्या रस्त्यावर, दुसरा आत, खुल्या जागेच्या समोर.

"रस्त्यावरचाच घेऊ," मी म्हणालो. "पुढंमागं दुकान काढता येईल."

ती नकाशातल्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून बसली होती. "हितं काय होनारंय?"

"बाग."

"कुनाची?"

"कुणाची म्हणजे? सगळ्यांची."

"मग हितंच ऱ्हाऊ," ती म्हणाली. "दुकानात गिऱ्हाईक येतंय आन जातंय. मला टिकनारी मानसं पायजेत."

चाळीस घरांतल्या शिकल्यासवरल्या पुरुषांनी पाण्याची पाइपलाइन बघितली, रस्ता बघितला, दिशा बघितली. राहायचं कुणाजवळ हा विचार फक्त या चौथी शिकलेल्या बाईनं केला. आणि मी तिच्यावर उपकार केल्यासारखा हो म्हणालो.

बाग कसली! वेडी बाभूळ आणि दगड. ती आम्हीच साफ केली आणि घरटी एक झाड लावलं. आमच्या वाट्याला लिंब आला, म्हणजे कडुलिंब. बागेच्या मागच्या अंगाला मेकॅनिक, वेल्डर आणि फळवाल्यांची गल्ली होती, बहुतेक मुसलमान घरं. मध्ये तारेचं कुंपण होतं आणि त्याला एका ठिकाणी गाडा जाईल एवढं खिंडार पडलेलं. ते बुजवायचा ठराव दोनदा झाला. बुजवलं कुणीच नाही, कारण फळांचा गाडा तिथूनच यायचा. गाडेवाला माझ्याच वयाचा. संध्याकाळी तो गाडा करंजाखाली लावायचा, बायका पपईचा भाव करायच्या आणि भाव करता करता तासभर बसायच्या. बायको त्याला भाई म्हणायची, तो तिला भाभी.

चार-पाच वर्षं बरी गेली आणि मग दुष्काळ आला. धरणाचा तळ उघडा पडला, त्यात बुडालेल्या जुन्या विहिरीचे कठडे लोक बघायला जाऊ लागले. कॉलनीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. चेअरमननं निरोप धाडला की झाडांना थेंबभर पाणी घालायचं नाही, माणसांना प्यायला नाही. बोलणं रास्त होतं. त्याच्या स्वतःच्या वाड्यातली लॉन हिरवीगार होती, एवढीच काय ती गंमत.

त्या रविवारी सकाळी बायकोनं फरशीचा एक तुकडा उचलला, पाण्याची बादली घेतली, आमच्या सात वर्षांच्या मुलीला धरलं आणि चालू लागली. मी विचारलं, "कुठं?"

"आंघूळ घालायला."

"न्हाणीत काय झालं?"

"न्हानीतलं पानी गटारात जातंय."

तिनं लिंबाच्या बुंध्याशी फरशी टाकली, पोरीला तिच्यावर बसवलं आणि भर बागेत आंघोळ घातली. पाणी पोरीच्या अंगावरून थेट आळ्यात. साबण नाही, बेसनपीठ लावलेलं. पोरगी लाजेनं रडत होती. मलाही शरम वाटली, मी खिडकीतून मागं सरलो. "कोपीवर अशीच करायचो आमी," ती परत येऊन म्हणाली. "पानी एकदाच येतंय, पन काम दोनदा करतंय."

पुढच्या रविवारी तीन फरशा पडल्या. महिनाभरात सगळ्या झाडांखाली फरशा. ज्याचं झाड त्याची पोरं, आणि ज्यांना झाड नव्हतं ती मागच्या गल्लीतली पोरं खिंडारातून बादल्या घेऊन यायची. त्यांनाही झाडं वाटून दिली गेली. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. कुणाची आई कामात असली तर दुसरीनं तिचंही पोर धुऊन काढायचं. रविवारी सकाळी त्या बागेत जो कलकलाट उठायचा, तसा मी एकाही वार्षिक सभेत ऐकला नाही. गाडेवाला प्रत्येक नमाजाआधी वजू करायचा, हातपाय-तोंड धुवायचा, तो करंजाच्या आळ्यात बसून. मागून गल्लीतले सगळेच तसं करू लागले. करंज इतका पोसला की माझी बायको त्याला चिडवायची, "भाई, तुमचं झाड पाच टायमाला पितंय, आमचं आठवड्याला. पार्शालिटी हाय ही!" तो हसून म्हणायचा, "भाभी, पोरांला रोज न्हाऊ घाला मग!"

आंघोळी रविवारच्याच, पण बायका रोज यायच्या. भांड्यांचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, जे असेल ते घेऊन. आल्या की बसायच्या. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सुनेचं रुसणं, कुणाच्या नवऱ्याची दारू, सगळं त्या लिंबाखाली निवडलं जायचं. माझी बायको मधोमध. तेव्हा तिचा चेहरा मी नीट बघायला हवा होता. मी कारखान्यात ठराव लिहीत होतो.

टँकर वाढवून मागायचा अर्जही तिथंच झाला. लिहिला मी, पण सह्या बायकांच्या. कागद ठेवायला गाड्यासारखं दुसरं सपाट काही नव्हतं, म्हणून खरबुजं बाजूला सारून त्याच्यावर सह्या केल्या. बायकोची पाळी आली. तिची सही म्हणजे एकेक अक्षर कोरून काढणं. जीभ दातांत धरून, पेन मुठीत आवळून. आडनावाची अक्षरं रेघेखाली घसरत जातात, ती पुन्हा वर ओढून आणते. बायका हसू लागल्या. गाडेवाला म्हणाला, "हसू नका गं. तेवढ्यात माजी चार खरबुजं इकून होतील, माजा फायदाच हाय." पाच मिनिटं लागली. टँकर वाढला.

दोन गुलमोहर वाळले. बाकी सगळी झाडं तरली. त्या सालात त्या तालुक्यात तरलेलं दुसरं काय होतं, हे आठवून बघतो तर आठवत नाही.

पुढच्या साली धरण भरलं. नळ सुरू झाले. आणि आम्ही काय केलं? आपापल्या न्हाणीत शिरून आतून कडी लावली. कुणी गीझर बसवला, कुणी टाइल लावल्या. फरशा झाडांखाली तशाच पडून राहिल्या. पोरांना आता उघड्यावर आंघोळीची लाज वाटायला लागली, त्यांच्या आयांना त्याहून जास्त. संध्याकाळी दहाच्या जागी चौघी यायला लागल्या, मग दोघी. माझी बायको मात्र रोज जायची, भांड्यांचं पाणी घेऊन. "आता पाऊस झालाय, झाडाला काय गरज?" मी म्हणायचो. ती म्हणायची, "झाडाला न्हाई, मला हाय."

मला या गोष्टीचा अजून संताप येतो. चेअरमननं दुष्काळात बागेला हात लावला नाही. लावला असता तर बायकांनी त्याला बादलीनं बडवला असता. तो थांबला. पाणी येऊ दिलं, कड्या लागू दिल्या, काही वर्षं जाऊ दिली, आणि मग हजेरीवही पाठवली.

संस्थेचा शिपाई वही घेऊन दारात आला तेव्हा बायको लिंबाखाली होती. मी जेवून हात धूत होतो. "वार्षिक सभा हाय साहेब. याल का न्हाई कुनास ठावं, सही करून ठेवा म्हनले चेअरमनसाहेब." वहीत नावं लिहिलेली, पुढं सहीची रिकामी चौकट, वर पान कोरं. असं पान मी आयुष्यभर लोकांपुढं धरलं होतं. कोऱ्या पानाखालची सही म्हणजे काय, हे त्या गावात माझ्याइतकं कुणालाही माहीत नव्हतं. चोरानं आपल्याच घराची किल्ली चोराला द्यावी, तसं मी पेन उचललं आणि बायकोच्या नावापुढं तिची सही ठोकली. एका झटक्यात. तिच्या सगळ्या कागदांवर मीच करायचो. तिला वेळ लागतो म्हणून. तिला बोलवायला दोन मिनिटं लागली असती. बाग खिडकीतून दिसत होती.

सभेला कुणी गेलं नाही. मीही नाही. बुंदीची पुडी शिपायानं घरी आणून दिली आणि आम्ही ती खाल्ली.

दोन महिन्यांनी सकाळी जेसीबी आला. मी कारखान्यात होतो, निरोप आला तसा निघालो. पोचलो तोवर कुंपण गेलं होतं, करंज आडवा झाला होता आणि बायको लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. गाडेवाला आणि गल्लीतले दहा-बारा लोक तिच्या बाजूनं उभे होते. कॉलनीतले आमचे सभासद गच्चीवर उभे होते. गच्चीवरून छान दिसतं सगळं.

चेअरमन गाडीतून उतरला. "भाऊसाहेब, घरच्यांला समजावून सांगा. बहुउद्देशीय सभागृह होनारंय हितं. लग्नकार्याला सगळ्यांची सोय. आन आमी काय मनानं करतोय का? तुमच्याच मंडळींनी ठराव मांडलाय."

"कुणी?"

"सूचक कोन हाय ते बगा की वहीत," तो म्हणाला आणि हसला.

जमाव बघून जेसीबी त्या दिवशी मागं फिरला, आणि मी काम थांबवायचा अर्ज दिला. निबंधकाच्या कार्यालयातून सुनावणीची तारीख मिळाली. सभासद बायको, म्हणून तिला बोलावलं. गाडेवाला गाडा बंद करून आमच्याबरोबर आला. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही सभासद आहात का?" तो म्हणाला, "न्हाई साहेब, पन झाड..." त्याला बाहेर उभं केलं. पाच वेळा पाणी पाजणाऱ्याचा संबंध नव्हता, आणि गच्चीवरच्यांचा होता.

साहेबांनी प्रोसिडिंग वाचून दाखवलं. 'संस्थेच्या खुल्या जागेवर बहुउद्देशीय सभागृह बांधून ते चालविण्यास देणेबाबत. सभासदांच्या सोयीसाठी व संस्थेच्या हितासाठी सदर ठराव सर्वानुमते मंजूर.' माझं वाक्य! कानामात्रेसकट माझं. आणि खाली सूचक म्हणून माझ्या बायकोचं नाव. चेअरमन मूर्ख नव्हता. त्या बागेची खरी मालकीण कोण, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. तिनंच मांडला म्हटल्यावर विरोध कोण करणार?

बायको ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी सभेला गेलतेच न्हाई साहेब."

साहेब चांगला माणूस होता. त्यानं हजेरीवहीचं पान पुढं सरकवलं. आत येताना त्यानं तिची हजेरीच्या कागदावर सही घेतली होती, ती शेजारी ठेवली. एक कोरून काढलेली, रेघेखाली घसरलेली. दुसरी झोकदार. आंधळ्यालाही कळलं असतं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"बाई, ही सही माझी नाही असं लिहून द्या. मी आजच काम थांबवतो, ठरावाची चौकशी लावतो. पण मग ही सही केली कुणी, ते शोधावं लागेल. खोटी सही आहे, पोलिसांकडं द्यावं लागेल. विचार करून सांगा."

निवृत्तीला मला दोन वर्षं होती. साहेब, सही मी केली, एवढे चार शब्द होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली मी, त्या दिवशी मला स्वतःच्या तोंडचं एक सापडेना. मी टेबलाच्या कडेकडं बघत उभा राहिलो.

बायकोनं ते पान जवळ ओढून बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "सही माजीच हाय साहेब. इसरले मी."

बाहेर गाडेवाला उभा होता. "काय झालं भाभी?"

"माजीच चूक झाली भाई. मीच सही केलती."

घरी येताना ती एकच बोलली. "तुमी वाचलं न्हाई का, सही करताना?"

"पान कोरं होतं."

"मग तर मी केलीच नसती," ती म्हणाली. "येळ लागला असता मला, पन इचारलं असतं."

त्या आठवड्यात लिंब पडला. चेअरमननं ठरावाची आणि हजेरीच्या पानाची झेरॉक्स बांधकामाच्या पत्र्यावर चिकटवली, तिच्या नावाखाली लाल रेघ मारून. ज्या बायकांची पोरं तिनं धुतली होती त्या ते वाचून गेल्या. कॉलनीतल्या बायकांनी बोलणं टाकलं. टोमणे मारायला मात्र त्यांची जीभ चालायची. "आधी झाडं जगवली आन मग इकली," असं एक बाई नळावर तिच्या तोंडावर म्हणाली. गच्चीवरून तमाशा बघणारी हीच! गल्लीकडं पक्की भिंत झाली आणि खिंडार बुजलं. चाळीस घरांच्या मधोमध राहून माझी बायको पुन्हा कोपीतल्यासारखी एकटी पडली. सभागृह चेअरमनचा मेहुणा चालवतो. लग्नसराईत डीजेनं आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात.

तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी निवृत्त झालो, सत्कार झाला, नारळ मिळाला. चेअरमनला शिव्या घालणं हा माझा उद्योग झाला. चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं मी त्याचा उद्धार करायचो. लोक माना डोलवायचे. त्याला शिव्या दिल्या की तेवढा वेळ दुसरं काही आठवावं लागत नसे.

तर परवा ते पुण्याचं पाकीट आलं. नव्या घरावर आईचंही नाव घालायचं असं मुलीनं ठरवलंय. चांगली आहे पोरगी. कागदांवर सहा ठिकाणी पेन्सिलनं फुल्या, आणि सोबत चिठ्ठी. 'बाबा, फुल्या केल्यात तिथं आईच्या सह्या लागतील. तिला कशाला त्रास, तुम्हीच करून टाका नेहमीसारख्या.'

लिंबाखाली आंघोळ घातलेली पोरगी! तिला नातं काय, शेजार काय, हे आईनं शिकवलं, आणि हे एवढं एक मी शिकवलं.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं हात पुसले, चष्मा लावला. आधी नकाशाचं पान काढलं आणि हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं, तसंच. "हितं पानी कोन घालतंय, ते बगून ये आदी, म्हनावं पोरीला," ती म्हणाली. मग पहिल्या पानापासून वाचायला लागली, ओळीखाली बोट धरून. मी पेन शेजारी ठेवलं. सहा सह्या आणि एवढं वाचन, तासभर तरी जाणार होता. मी चपला घातल्या.

गाडा आता सभागृहाच्या गेटसमोर, उन्हात लागतो. गाडेवाला थकलाय, पण पपईवरून फडकं फिरवायची सवय तीच. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या वहीतली सही तुझ्या भाभीची नव्हती. माझी होती."

त्यानं पपई उलटी करून पुसली. "म्हाईत हाय साहेब."

"कधीपासून?"

"पत्र्यावर कागद चिकटवला तवापासनं. भाभीची सही माज्या गाड्यावर झालती न्हाई का, टँकरच्या अर्जाला? ती काय अशी एका झटक्यात मारलेली हुती? गल्लीत समद्यांला सांगितलं मी, आमच्यात भाभीला कुनी वाईट बोललं न्हाई. भिंत पडली मधी, म्हनून येनंजानं ऱ्हायलं."

माझा पारा चढला. एवढी वर्षं! "मग कॉलनीत का बोलला नाहीस?"

त्यानं पपई खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमी बोलाल म्हनून थांबलो साहेब."

त्यानं गाड्यावर पोतं टाकलं, चाकाला दगड लावला, आणि माझ्या हाताला धरून मला गेटावरून पुढं, कॉलनीत नेलं. नळावर टोमणा मारणाऱ्या बाईचं घर पहिलंच. कडी त्यानंच वाजवली आणि तो एक पायरी खाली उतरून उभा राहिला.

आतून पावलं ऐकू आली. घरी ती तेव्हा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या सहीवर असेल.